तीस लिटर

टाकी स्टेशनमास्तरीणबाईंकडून मिळाली,
कोपऱ्यात टवका उडालेली, तीस लिटरची.
मीठ आलं अल्माटीहून, रेल्वेने,
सामानघराच्या काट्यावर मीच ते तोलून घेतलं.
पावतीवर शिक्का मारता मारता झाकीप हसला,
"अरलमध्ये मीठ विकत? झानिल,
दार उघडं ठेव, वाऱ्याबरोबर फुकट येईल."

ते मीठ चालत नाही.
त्यात कापसावर फवारलेली औषधं आहेत,
आणि आणखी काय काय.

लिटरला पस्तीस ग्रॅम.
पाण्यात मीठ घालायचं, मिठावर पाणी नाही,
नाहीतर तळाशी खडे बसतात
(हे मी खडे बसवूनच शिकले).
पाणी आधी दुधासारखं, मग हळूहळू निवळलं.
मापकाला डोळा लावला:
एक पूर्णांक शून्य दोन पाच.

मग काहीच नाही.
सहा आठवडे वाळू, खडक, पाणी
आणि चिमूटभर अन्न, मुद्दाम सडायला सोडलेलं.
आधी विष व्हावं लागतं,
मग ते विष खाणारं कुणीतरी
दगडाच्या छिद्रांत राहायला यावं लागतं.
नळीत थेंब टाकायचे: हिरवं,
पुन्हा हिरवं,
एका गुरुवारी पिवळं.
तोवर काच तपकिरी झालेली.
शेजारची बायगूल म्हणाली, "चिखल पाळलायस होय?"
वडील काही म्हणाले नाहीत.
मासेमारीच्या बोटीवर ते इंजिन सांभाळायचे.
बंदर कोरडं पडल्यापासून
पाण्याचा विषय त्यांनी काढलेला नाही.

मार्चअखेर दोन कोळंब्या आल्या, नखाएवढ्या,
पिशवीत, पिशवी डब्यात, डबा गोधडीत.
इस्पितळातली सलाइनची नळी, तिला एक गाठ,
आणि दोन तास थेंब थेंब
टाकीचं पाणी त्यांच्या पाण्यात.
नव्या पाण्याची ओळख घाईने करून देता येत नाही.
सोडल्या, तशा दगडावर बसल्या
आणि शेपट्या पाठीवर उचलून
कंबर हलवायला लागल्या.
वडिलांनी खुर्ची ओढली.
"या खायच्या नाहीत?"
"नाही."
"मग करतात काय?"
"हेच."

पाणी रोज थोडं उतरायचं.
मी रोज भरायची, नीट मोजून, मीठ कालवून,
जेवढं गेलं तेवढं.
दहाव्या दिवशी मापक म्हणालं दोन आठ.
एकीने हलणं थांबवलं होतं,
दुसरी खडकाखाली.
मी हिशेब पुन्हा केला. हिशेब बरोबर होता.
वडिलांनी काचेच्या कडेवरून बोट फिरवलं.
बोटाला पांढरं लागलं. ते जिभेला लावलं.
"गेलं काय?"
"पाणी."
"मग पाणी दे. गोडं.
मीठ कुठे जातंय, पोरी?
मीठ जात नाही."
बाहेर त्या दिवशी वारा नव्हता.

आता सकाळचं पाणी त्यांच्याकडे.
काचेवर निळ्या चिकटपट्टीची रेघ आहे,
तिच्यापर्यंत, चहाच्या वाटीने,
वाळूला धक्का न लावता ओततात.
त्या रात्री वीज गेली,
तेव्हा तंबूतला जुना नमदा टाकीला गुंडाळला
आणि वाटीने पाणी उचलून उंचावरून
परत टाकीत सोडत बसले, हवा मिसळावी म्हणून.
मला उठवलं नाही.
सकाळी टेबलावर वही दिसली,
इंजिनाच्या नोंदवहीसारख्या रेघा मारलेली:

१२ एप्रिल. पातळी अर्धं बोट खाली. गोडं, तीन वाट्या.
१३ एप्रिल. वीज नाही, एक ते चार. नमदा.
१४ एप्रिल. पातळी रेघेवर. वारा ईशान्येचा.
एक दिसली. दुसरी
खडकामागे असावी.